वर्णन-सरावाची चित्रकार्डं : काही महिने वापरल्यानंतर

इंग्रजी बोलायचा सराव म्हणून चित्रकार्डांचा एक संच घेतला. चित्रांबरोबर त्यात प्रश्नांची आणि उत्तरांची कार्डंही आहेत. चित्र एकाच्या हातात. दुसऱ्याने नुसते प्रश्न विचारून चित्रात काय आहे ते ओळखायचं. काही महिने मैत्रिणीबरोबर जवळजवळ रोज खेळलेय, म्हणून आता लिहिते.

पैसे वसूल होतात ते प्रश्नांमुळे. ‘तो कसा आहे?’ या एका प्रश्नात आपण तब्येत, स्वभाव, रूप सगळं उरकतो. इंग्रजीत ‘हाउ इज ही?’ म्हणजे बरा आहे ना, ‘व्हॉट इज ही लाइक?’ म्हणजे माणूस कसा, आणि ‘व्हॉट डझ ही लुक लाइक?’ म्हणजे दिसायला कसा. वाचून हे पटतं, तोंडात बसत नाही. इथे प्रश्न चुकला की समोरची त्या चुकलेल्या प्रश्नाचंच उत्तर देते. मला हवी असते उंची, केस. मिळतं ‘ही इज व्हेरी शाय’. आणि ‘व्हॉट डझ ही लाइक?’ विचारलं की थेट ‘क्रिकेट’! जीभ आपोआप वळणावर येते.

उत्तरांची कार्डं मात्र उरकून टाकल्यासारखी. ‘ही इज टॉल’, ‘ही हॅज कर्ली हेअर’, इथवर ठीक. पण ‘शी लुक्स टायर्ड’ आणि ‘शी लुक्स लाइक हर मदर’, म्हणजे नुसतं विशेषण आलं तर ‘लाइक’ नको, नाम आलं तर हवं, याला जेमतेम एक कार्ड. वास, चव, आवाज, सगळ्यांना हेच लागू: ‘इट स्मेल्स गुड’, ‘इट स्मेल्स लाइक रबर’. यावर अख्खा गठ्ठा हवा होता.

उलट विशेषणांच्या क्रमावर ढीगभर कार्डं. मत, आकारमान, वय, आकार, रंग, मूळ, कशाचं बनलंय, कशासाठी. क्रम बरोबर आहे, पण एवढी मालगाडी बोलताना जोडतं कोण? ‘अ नाइस बिग रेड बॅग’ जमलं की झालं. बाकीचं नामानंतर सांगावं: ‘द मॅन विथ द बिअर्ड’, ‘द वुमन इन द ब्लू कोट’. दाढी-केसांना ‘विथ’, कपड्यांना ‘इन’.

एक गोष्ट खटकली. माणसांच्या चित्रांवर ‘फॅट’, ‘अग्ली’ सर्रास छापलंय. ‘नॉट व्हेरी टॉल’, ‘अ बिट ओव्हरवेट’ असं सांभाळून बोलणं कुठेच नाही, आणि खरी गरज त्याचीच पडते.

चित्रं आता पाठ झालीत, त्यामुळे आम्ही फोनमधले फोटो वापरतो. प्रश्नांची कार्डं तेवढी तीच. जोडीदार नसेल तर घेऊ नका, एकट्याला यातलं काही खेळता येत नाही.