सातारा ते बामणोली : ज्येष्ठांसाठी एसटीने एका दिवसाची सहल

एका दिवसात जाऊन येण्याजोगे पाण्याकाठचे ठिकाण म्हटले की साताऱ्यात बहुतेकांच्या तोंडी महाबळेश्वरचे वेण्णा तळे येते. आम्हा उभयतांना मात्र शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, काठावरचे बामणोली अधिक मानवले, आणि तेही स्वतःच्या गाडीपेक्षा एसटीने.

पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे आणि २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे आहे, त्यामुळे आम्हा दोघांत मिळून एकच अर्धे तिकीट पडले. आधार कार्ड मात्र जवळ हवे. वाहक शून्य रकमेचे तिकीट देतात, तेही उतरेपर्यंत जपून ठेवावे.

यवतेश्वराचा घाट चढताना सातारा शहर आणि अजिंक्यतारा हळूहळू खाली राहतात. माथ्यावर आल्यावर डाव्या अंगाला उरमोडीचे पाणी व सज्जनगड, तर उजव्या अंगाला कण्हेरचा जलाशय दिसतो. स्टिअरिंगवर बसलेल्याला वळणांपायी यातले काहीच धड पाहता येत नाही. कास तलाव मागे पडला की उतार लागतो आणि झाडी दाट होते. फुलांच्या हंगामात, विशेषतः शनिवार-रविवारी, कासच्या रस्त्यावर वाहनांची एवढी रांग लागते की त्या दिवसांत हा बेत आखूच नये.

बामणोलीत पाहायचे ते पाणीच. कोयना धरणाच्या या फुगवट्याच्या पलीकडे अभयारण्याचे रान उभे आहे, आणि बोट मध्यावर गेल्यावर नावाड्याने यंत्र बंद केले तर लाटांचा बोटीच्या कडेवर होणारा चुबुक-चुबुक आवाज तेवढा उरतो. भाडे माणशी नसून बोटीमागे असते. दोघांनाच ते जड वाटते, म्हणून धक्क्यावरच्या इतर प्रवाशांत सामील व्हावे. आमच्या नावाड्याने लाइफ जॅकेट मागितल्यावरच काढून दिले, ही गोष्ट मुळीच पसंत पडली नाही. जेवण साधे होते, पण भाकरी तव्यावरून थेट ताटात आली आणि पिठल्याला लसणाची फोडणी सढळ होती. स्वच्छतागृह मात्र यथातथाच.

परतीच्या गाडीची वेळ उतरतानाच वाहकाला विचारून घ्यावी, कारण गाड्या मोजक्याच आहेत. ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ उत्तम. उन्हाळ्यात पाणी मागे हटल्यामुळे बोटीपर्यंत बराच उतार चालून जावे लागते, तेव्हा गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी त्या दिवसांत वेण्णा तळेच गाठावे.