हवालदारकाकांनी शिवलेला पट्टा : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मी वायरमन आहे. पक्कड, टेस्टर, स्क्रू ड्रायव्हर, टेप असं दोनेक किलो वजन दिवसभर कमरेला लटकलेलं असतं आणि निम्मा दिवस शिडीवर जातो. आधीचे तीन पट्टे वर्षभरही टिकले नाहीत. शेवटच्याची मशीनची शिवण एका जागी उसवली आणि आठवड्यात वीतभर मोकळी झाली. आत बघितलं तर वरून चामड्याचा पापुद्रा आणि मध्ये चक्क पुठ्ठा. म्हणून हा पट्टा करून घेतला.

करणारे गृहस्थ पोलीस हवालदार म्हणून निवृत्त झालेत. सगळी नोकरी लहान गावांतल्या ठाण्यांत गेली. सगळे त्यांना हवालदारकाका म्हणतात, मीही तेच म्हणतो. वर्दीचा पट्टा कमरेला काचायचा, तो आपणच नीट करावा म्हणून ठाण्यासमोर जोडे शिवायला बसणाऱ्या कारागिराकडून ते आरी धरायला शिकले. नोकरीत असताना मात्र एकही पट्टा विकला नाही. सरकारी नोकराला खाजगी धंदा चालत नाही, हे ते ठासून सांगतात. सुट्टीच्या दिवशी शिवायचं आणि बरोबरच्या शिपायांना देऊन टाकायचं, एवढंच.

माप द्यायला गेलो तेव्हा त्यांनी कंबर मोजलीच नाही. माझा जुना पट्टा मागून घेतला. बक्कल जिथे वळतं तिथपासून रोजच्या वापराच्या भोकापर्यंत टेप लावला. (पट्टा मागवणाऱ्याने हेच माप द्यावं, पँटीचा नंबर देऊ नये, फसायला होतं.) मग तुटलेली जागा उजेडात धरून बराच वेळ बघत बसले. "पाऊच उजवीकडे लावतोस. आणि बसताना काढत नाहीस." दोन्ही खरं होतं.

ही नजर कुठून आली ते त्यांनीच सांगितलं. एकदा ठाण्यात पिशवी हिसकावल्याची तक्रार आली. पिशवीच्या चामडी वादीचं टोक हातात घेतल्याबरोबर त्यांच्या लक्षात आलं, ही ओढून तुटलेली नाही. चामडं ताणून तुटलं की टोकाला तंतू पिंजून बाहेर येतात. पात्याने कापलं की टोक सपाट, गुळगुळीत राहतं. हे टोक सपाट होतं. पंचनाम्यात तसं लिहिलं गेलं. पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण वस्तू कुठून आणि कशी तुटते हे तीस-एक वर्षं बघितलेल्या माणसाने हा पट्टा शिवलाय, आणि वापरताना ते रोज जाणवतं.

चामडं जनावराच्या पाठीचं आहे. पोटाकडचं सैल असतं, वजनाने वाढत जातं. दोन थर मिळून जाडी चार मिलिमीटर. नऊ महिन्यांत मी पहिल्या दिवसाच्याच भोकावर आहे. कमावलंय झाडाच्या सालीच्या अर्कात, क्रोमच्या क्षारांत नाही. क्रोमने चामडं लवकर तयार होतं आणि पहिल्यापासून मऊ असतं. सालीच्या चामड्याला कित्येक आठवडे लागतात, पण ते अंगाचा आकार धरतं. त्याचा त्रासही आहे. पहिले तीन आठवडे पट्टा लाकडासारखा ताठ होता, कमरेच्या हाडावर वळ उठायचे. घामाने भिजला तेव्हा फिकट शर्टावर रंग लागला, तो डाग अजून आहे.

दुसरी तक्रार डागांचीच. पावसात काम करून ओली पक्कड तशीच अडकवली, तर सकाळी चामड्यावर निळसर काळा ठसा. मला वाटलं बुरशी. काकांनी सांगितलं, सालीतलं टॅनिन आणि लोखंड ओल्यात एकत्र आलं की काळंच होतं. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) घालून जुनी शाई करायचे ती याच गुणावर. लिंबाचा रस पाण्यात कालवून पुसल्यावर ठसा फिका झाला, गेला नाही. आता हत्यार पुसूनच ठेवतो.

शिवणीबद्दल मात्र सविस्तर लिहायलाच हवं. दोऱ्याला मेण चोळलेलं, दोन टोकांना दोन सुया, आणि आरीने पाडलेल्या एकाच भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. खोगीर शिवायची ही जुनी रीत. इंचाला सात टाके, दोन्ही कडा धरून सहाशेच्या आसपास, सगळे हाताने. मशीनच्या शिवणीत वरचा दोरा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकून राहतात; एक तुटला की दुसऱ्याला धरून ठेवणारं काही उरत नाही. इथे दोऱ्याची एक बाजू तुटली तरी दुसरी त्याच भोकातून गेलेली असते.

याची परीक्षा पाचव्या महिन्यात झाली. लोखंडी शिडीच्या धारदार कडेला पट्टा अडकला आणि तीन टाके तुटले. मी मुद्दाम तसाच वापरला. तीन आठवडे. चौथा टाका हललासुद्धा नाही.

मग काकांकडे नेला. "चढताना अडकला की उतरताना?" उतरताना, म्हटलं. त्यांनी दोऱ्याची टोकं नखावर घेतली. "कापलाय, झिजलेला नाही. दोरा चांगला आहे." मग एक जाड वही काढली. ठाण्यात डायरी लिहायची सवय सुटलेली नाही. प्रत्येक पट्ट्याची नोंद आहे, कातडं कुठलं, दोरा कुठला, तारीख काय. माझ्या पट्ट्याखाली त्यांनी ओळ लिहिली: "शिडी, उतरताना, डावी कड, तीन टाके." मागचेपुढचे दोन-दोन टाके धरून नवीन दोरा ओवला. पैसे घेतले नाहीत. त्या दिवसापासून शिडीला लागणाऱ्या बाजूची कड ते थोडी जास्त गोल घासतात, असं त्यांच्याकडे नंतर पट्टा केलेल्या एकाने मला सांगितलं.

नवे टाके तेव्हा पांढरेफटक दिसत होते. आता चार महिन्यांनी तेही घामाने आणि तेलाने बाकीच्यांच्या रंगाला येत चाललेत.