पिस्टन मागे फिरवणारा हातसंच: लॉराचे मागचे ब्रेक घरी बदलताना आलेला अनुभव

माझ्या २०११ च्या स्कोडा लॉराच्या मागच्या दोन्ही चाकांच्या डिस्क आणि पॅड मी गेल्या महिन्यात इमारतीच्या पार्किंगमध्ये स्वतः बदलले, आणि त्यासाठी कॅलिपरचा (पॅड डिस्कवर आवळणाऱ्या भागाचा) पिस्टन मागे फिरवण्याचा एकवीस नगांचा हातसंच १,९५० रुपयांना ऑनलाइन मागवला. पेटीवर कोणत्याही परिचित कंपनीचे नाव नाही. हुबेहूब हीच पेटी वेगवेगळ्या लेबलांखाली विकली जाते, त्यामुळे पुढील मजकूर एखाद्या नाममुद्रेपेक्षा या घडणीच्या संचाविषयी आहे असे समजावे. माझे मत आधीच सांगतो: संचाची बनावट मध्यम आहे, पेटी तर टाकाऊच आहे, तरीही ज्यांच्या गाडीचा हँडब्रेक मागच्या कॅलिपरमधूनच चालतो त्यांनी या संचाशिवाय, किंवा याच पद्धतीच्या दुसऱ्या साधनाशिवाय, मागचे पॅड काढायलाही घेऊ नयेत.

याचे कारण कॅलिपरच्या पोटात आहे. पुढच्या चाकांचा पिस्टन हा साधा दट्ट्या असतो. सी-क्लॅम्प लावून दाबला की सरळ आत जातो. लॉराच्या मागच्या कॅलिपरमध्ये मात्र पिस्टनच्या आत आटे पाडलेला स्क्रू आणि त्यावर फिरणारा नट बसवलेला असतो. हँडब्रेक ओढला की केबल कॅलिपरवरची तरफ फिरवते, ती तरफ हा स्क्रू पुढे ढकलते आणि पॅड डिस्कवर आवळले जातात. पॅड झिजतात तसतसा आतला नट थोडा थोडा फिरून स्क्रूची लांबी वाढवत राहतो, म्हणूनच हँडब्रेक वर्षानुवर्षे सैल पडत नाही. नवे जाड पॅड बसवायचे तर ही वाढलेली लांबी परत कमी करावी लागते, आणि ते केवळ दाबून होत नाही. पिस्टन दाबत दाबत फिरवावाच लागतो. जोर लावून नुसता दाबला तर आतली यंत्रणा दुखावते आणि संपूर्ण कॅलिपर बदलण्याची पाळी येते.

दोन वर्षांपूर्वी मागचे पॅड बदलले तेव्हा मी गाडी एका गॅरेजमध्ये दिली होती. तिथे पिस्टन कसा फिरवला हे मी पाहिले नव्हते. या वेळी कॅलिपर उघडल्यावर ते आपोआप दिसले. पिस्टनच्या तोंडावर साधन अडकवण्यासाठी ज्या दोन खाचा असतात, त्यांच्या कडा लांब नाकाच्या पकडीने ओरबाडून गोल झाल्या होत्या आणि उजव्या बाजूला रबर बूटच्या, म्हणजे पिस्टनभोवतीच्या रबरी आवरणाच्या, अगदी काठावर पकडीच्या दातांचे चार ठसे उमटले होते. बूट फाटला नव्हता हे नशीब, कारण फाटलेल्या बुटातून पाणी आणि धूळ आत शिरली की पिस्टन गंजून जाम होतो, आणि त्याला पुण्यातला एक पावसाळाही पुरतो.

आता संचाकडे वळू. त्यात आटे असलेले दोन दाबस्क्रू आहेत, एक उजव्या आट्यांचा आणि दुसरा डाव्या आट्यांचा; कॅलिपरच्या बाहेरच्या बोटांसारख्या भागांवर टेकवायच्या पट्ट्या आहेत; आणि बाकी सगळ्या निरनिराळ्या पिस्टनच्या खाचांत बसणाऱ्या गोल चकत्या आहेत. पट्टी टेकवून दाबस्क्रूची मूठ फिरवली की स्क्रू पुढेही सरकतो आणि चकतीसह पिस्टनलाही फिरवतो, म्हणजे दाब आणि फिरकी ही दोन्ही कामे एकाच हाताने होतात. माझ्या गाडीत दोन्ही बाजूंचे पिस्टन घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आत जातात, त्यामुळे डाव्या आट्यांचा स्क्रू पेटीतच राहिला. काही गाड्यांमध्ये एका बाजूचा पिस्टन उलट दिशेने फिरतो आणि तिथे त्या दुसऱ्या स्क्रूशिवाय काम अडते, म्हणून एकाच स्क्रूचा स्वस्त संच घेण्याचा मोह टाळावा.

चकत्यांवर क्रमांक कोरलेले आहेत, पण कोणती चकती कोणत्या गाडीची हे सांगणारा कागद इतक्या बारीक अक्षरांत छापला आहे की मी तो बाजूला ठेवला आणि दोन खुंट्यांच्या चकत्या एकेक करून पिस्टनवर धरून पाहिल्या. जी बसली तिच्या खुंट्या खाचांत थोड्या सैलच होत्या. डाव्या चाकाला याचा त्रास झाला नाही. उजव्या पिस्टनच्या खाचा आधीच गोल झालेल्या असल्याने चकती दोनदा निसटली, आणि तिसऱ्या वेळी पट्टी नीट टेकवून आधी घट्ट दाब दिला तेव्हा पिस्टन कुरकुरत फिरू लागला. स्क्रू कोरडा येतो. त्याच्या आट्यांना ग्रीस लावल्याशिवाय मूठ फिरवू नये. पट्टीचा पत्रा पातळ असून शेवटच्या काही फेऱ्यांत ती किंचित वाकल्याचे मला दिसले, तरी सुटल्यावर ती पुन्हा सरळ झाली. पेटीची कडी तिसऱ्या दिवशी तुटली आणि आता ती सायकलच्या ट्यूबच्या तुकड्याने बांधलेली आहे.

पिस्टन फिरवणे हा कामाचा जेमतेम अर्ध्या तासाचा भाग होता, उरलेला रविवार इतर गोष्टींत गेला. संच घेतला म्हणजे ब्रेक बदलता येतात असा समज होऊ नये म्हणून त्यांतल्या काही इथे सांगतो. गाडी सपाट काँक्रीटवर उभी करून, पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावून आणि गिअरमध्ये ठेवून, मागची बाजू जॅकने उचलून घोड्यांवर, म्हणजे आधाराच्या लोखंडी स्टँडवर, टेकवली. हँडब्रेक अर्थातच सोडलेला हवा, नाहीतर पिस्टन मागे जाणारच नाही. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. कॅलिपरचे दोन बोल्ट १३ नंबरच्या पान्याने सुटतात, मात्र आतली पिन सोबत फिरू नये म्हणून ती १५ नंबरच्या पातळ पान्याने धरून ठेवावी लागते. हे बोल्ट प्रत्येक वेळी नवे घालायचे असतात आणि चांगल्या पॅडच्या खोक्यात ते सोबत येतात. सुटलेला कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळू न देता तारेने स्प्रिंगला बांधून ठेवला. डिस्क काढायची असल्याने कॅलिपरचा धारकही उतरवावा लागतो, आणि त्याचे बोल्ट बारा दातांच्या स्प्लाइनचे असल्याने साधा ॲलन पाना तिथे चालत नाही; त्या बिटसाठी मला नाना पेठेत वेगळी फेरी मारावी लागली.

उजव्या चाकाचा आतला पॅड जेमतेम अडीच मिलिमीटर उरला होता, तर त्याच चाकाच्या बाहेरच्या पॅडवर सहा मिलिमीटर मसाला शिल्लक होता. इतका फरक दिसला की दोष पॅडचा नसून सरकपिनेचा (कॅलिपर जिच्यावर सरकतो त्या पिनेचा) असतो, हे जुन्या मिस्त्रींना विचारायलाही नको. पिन बाहेर ओढली तर ग्रीस वाळून तपकिरी पापुद्रे झालेले, आणि पिन हाताने हलेनाशी झालेली. कॅलिपर सरकलाच नाही तर पिस्टनच्या बाजूचा पॅड एकटाच घासत राहतो. दोन्ही पिना पुसून, रबराला न खाणारे सिलिकॉन ग्रीस लावून परत घातल्या. हे न करता केवळ नवे पॅड बसवले असते तर वर्षभरात पुन्हा तीच पाळी आली असती.

डिस्क धरून ठेवणारा टॉर्क्स स्क्रू हा या कामातला खरा खलनायक ठरला. डाव्या चाकाचा टी-३० बिटने हातोड्याच्या दोन ठोक्यांनंतर सुटला, उजव्याचे मात्र ताऱ्यासारखे तोंड पहिल्याच प्रयत्नात गुळगुळीत झाले आणि तो ड्रिल करूनच काढावा लागला. नवे स्क्रू मला पन्नास रुपयांना मिळाले. काम सुरू करण्यापूर्वीच ते आणून ठेवावेत. जुनी डिस्क निघाल्यावर हबवरचा गंज तारेच्या ब्रशने धातू चमकेपर्यंत खरवडला, कारण तिथे राहिलेली गंजाची खपली डिस्कला केसभर तिरकी बसवते आणि मग ब्रेक दाबताना पायाला थरथर जाणवते. माझ्या गाडीची मागची डिस्क नवी असताना १० मिलिमीटर जाड असते आणि ८ मिलिमीटरपर्यंत झिजल्यावर बदलायची असते; जुन्या डिस्कची कड हाताला बोचण्याइतकी उभी राहिली होती आणि मधली जाडी मापात ८.१ भरली. नव्या डिस्कवर गंज येऊ नये म्हणून तेलाचा थर असतो, तो ब्रेक क्लीनरने पूर्ण पुसल्याशिवाय पॅड लावू नयेत.

पिस्टन आत जातो तेव्हा ब्रेक ऑइल टाकीकडे परत ढकलले जाते. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर ते बाहेर सांडते आणि गाडीचा रंग खाते, म्हणून झाकण उघडून भोवती फडके ठेवले होते. हे ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो: डॉट ४ दर्जासाठी कोरड्या अवस्थेत किमान २३० अंश सेल्सिअस आणि ओलावा धरल्यावर किमान १५५ अंश असे प्रमाण आहे. पसरणी घाटात सतत ब्रेकवर उतरणाऱ्याला या दोन आकड्यांमधले अंतर किती महत्त्वाचे आहे ते वेगळे सांगायला नको. माझे ऑइल दोन वर्षांचे झाले होते, तेव्हा तेही त्याच दिवशी बदलले.

जोडणीत टॉर्क पान्याला, म्हणजे बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याला, पर्याय नाही. पिनांचे बोल्ट ३५ न्यूटन-मीटर, धारकाचे ९० न्यूटन-मीटर आणि त्यावर पाव फेरा, डिस्कचा लहान स्क्रू केवळ ४ न्यूटन-मीटर, आणि चाकाचे बोल्ट १२० न्यूटन-मीटर. शेवटी चाके लावल्यावर गाडी हलवण्याआधी ब्रेकचे पेडल दाबून कडक करणे ही गोष्ट विसरता येत नाही. मुलाला मी ड्रायव्हरच्या सीटवर बसवले होते. “बाबा, पेडल तर सरळ खाली जातंय!” असे तो घाबरून ओरडला. पाच-सहा वेळा दाबल्यावर ते जागेवर आले. पिस्टन मागे गेलेला असल्याने पहिल्या दाबांना पॅड डिस्कपर्यंत पोहोचतच नाहीत, आणि हे न करता कोणी गाडी थेट उताराकडे काढली तर पुढच्या भिंतीचा विचार आधी करावा. त्यानंतर हँडब्रेक तीन-चारदा ओढून सोडला आणि दोन्ही कॅलिपरवरच्या तरफा पूर्ण मागे, थांब्याला टेकून येतात याची खात्री केली.

खर्चाचा हिशेब संचाच्या बाजूने फारसा जोरदार नाही. गॅरेजने सुटे भाग आणि मजुरी धरून १६,८०० रुपये सांगितले होते. मला पॅड ३,४०० रुपयांना, डिस्कची जोडी ७,२०० रुपयांना, घोड्यांची जोडी २,२०० रुपयांना आणि बिट ६५० रुपयांना पडले. त्यात संच मिळवला तर बेरीज १५,४०० होते, आणि ब्रेक ऑइल, क्लीनर, स्क्रू, ग्रीस व एक संपूर्ण रविवार त्याशिवाय. पहिल्या खेपेला बचत झाली असे म्हणणे स्वतःची फसवणूक ठरेल. संच, घोड्या आणि बिट पुढच्या वेळी पुन्हा वापरता येतील हे खरे, पण माझ्या दृष्टीने पैसे वसूल झाले ते उजव्या चाकाची जाम पिन आणि पकडीचे ठसे स्वतःच्या डोळ्यांनी दिसले तेव्हाच.

हा संच कोणी घेऊ नये हेही सांगायला हवे. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात. त्यांच्या मालकांना याचा काहीही उपयोग नाही. ज्या गाडीत हँडब्रेकच्या दांड्याऐवजी बटण आहे, तिथे कॅलिपरवरची मोटर आधी निदानयंत्राने सर्व्हिस अवस्थेत मागे न्यावी लागते, आणि हा संच जोराने लावला तर मोटरचे नुकसान होण्याची भीती असते. ज्यांनी आजवर चाकसुद्धा बदललेले नाही, त्यांनी सुरुवात ब्रेकपासून करू नये. बाकीच्यांना मी पाचांपैकी साडेतीन गुण देऊन हा संच सुचवेन. अर्धा गुण पेटीच्या कडीने घालवला आणि एक त्या सैल खुंट्यांनी. गाडी त्यानंतर आठशे किलोमीटर चालली आहे. पहिले दोनशे किलोमीटर मी जोराचा ब्रेक टाळला. त्याआधी मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगावरून वीसपर्यंत दहा-बारा वेळा हलके ब्रेक लावून पॅड बसवून घेतले होते. परवा चाके पुन्हा उघडून पाहिली, तेव्हा उजव्या बाजूचे दोन्ही पॅड सारखेच घासलेले दिसले.