मॉडेल डिझेल इंजिनाचे दिवे: साधं सर्किट घ्यावं की डीसीसी?

भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-३ए या डिझेल इंजिनाचं एचओ मापाचं (१:८७) मॉडेल घरी आलं की चार दिवसांत दिव्यांचा विषय निघतोच. हेडलाइट निळसर पांढरा असतो आणि छपरावरचा फ्लॅशर म्हणजे पिवळ्या रंगाचा नुसता ठिपका. सुधारायचं तर दोन वाटा आहेत. आहे त्याच डीसी कंट्रोलरवर (रुळांतली वीज कमी-जास्त करून गाडी चालवणारा) चालणारं साधं सर्किट बसवायचं, नाहीतर इंजिनात डीसीसीचा, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोलचा, डीकोडर टाकायचा: रुळांतून येणारे डिजिटल हुकूम वाचून मोटर आणि दिवे चालवणारी छोटी पाटी. मी दोन्ही केलंय, आणि माझ्या मते निर्णय हेडलाइटवर नाही, फ्लॅशरवर करावा.

आपल्याकडचा फ्लॅशर एरवी बंद असतो. गाडी मधेच तुटली, डबे घसरले, ब्रेक पाइपचं प्रेशर अचानक उतरलं की तो लुकलुकतो. शेजारच्या रुळावरून येणाऱ्या लोको पायलटने तो पाहून गाडी थांबवायची असते. म्हणजे हा दिवा मुख्यतः उभ्या गाडीचा. अमेरिकन इंजिनांवरचा फिरता केशरी दिवा चालत्या गाडीवरही फिरायचा, त्यामुळे तिकडच्या मॉडेलचं बघून आपलं करायला गेलं की फसायला होतं.

साधं सर्किट म्हणजे ५५५ हा टायमर आयसी, १० के आणि ६८ के (किलोओहम) असे दोन रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. सेकंदाला साधारण एकदा दिवा लागतो. मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, एका फेरीत सगळं सामान मिळतं आणि खर्च किरकोळ. पण डीसीवर गाडी थांबवली की रुळांतली वीजच जाते. फ्लॅशर नेमका जेव्हा लागायला हवा तेव्हा तो विझलेला, आणि गाडी सुरळीत धावत असताना मात्र लुकलुकतोय! डोंबिवलीच्या फलाटावर इंजिनं बघत वाढलेल्या माणसाच्या डोळ्याला हे खुपतं. मला तरी फार खुपलं. सिग्नलला उभ्या गाडीचा हेडलाइटही तसाच विझतो.

डीसीसीत रुळांवर कायम १४-१५ व्होल्ट असतात, गाडी उभी असो वा धावती. फ्लॅशरला स्वतंत्र बटण मिळतं. बऱ्याच डीकोडरमध्ये दिवा हळू उजळून हळू विझवण्याची सोय असते, आणि समोरून गाडी आली की हेडलाइट मंद करता येतो, खरा लोको पायलट करतो तसा. अडचण पैशांची आहे. डीकोडर बहुधा परदेशातून मागवावा लागतो, वर सीमाशुल्क, आणि कंट्रोलरही बदलावा लागतो. दहा-बारा इंजिनं असतील तर खर्च जड जातो.

धावत्या गाडीच्या हेडलाइटपुरतं बोलायचं तर दोन्हीत फार फरक नाही. एलईडी एकाच दिशेने वीज सोडतो आणि डीसीवर गाडीची दिशा बदलली की विजेचीही बदलते, त्यामुळे पुढचा-मागचा दिवा बदलणं डीसीवरही आपसूक होतं. खरी मेहनत एलईडी निवडण्यात आणि बसवण्यात आहे. ३ मिलिमीटरचा एलईडी १:८७ मापात २६ सेंटिमीटरचा होतो, म्हणजे जोड-हेडलाइटच्या एकेका दिव्यासाठी भलताच मोठा. ०६०३ मापाचा एसएमडी (पायांशिवायचा, थेट डाग देऊन बसवायचा चिमुकला एलईडी) १.६ मिलिमीटरचा, तो नेमका बसतो. रंग वॉर्म व्हाइटच (पिवळसर पांढरा) घ्या. दोन दिव्यांना दोन वेगळे १ के चे रेझिस्टर लावा, एकाच रेझिस्टरवर समांतर जोडले तर एक उजळ आणि एक मलूल दिसतो. बॉडीला आतून आधी काळा रंग द्या, नाहीतर अंधारात इंजिनाचं अख्खं नाक आतून उजळतं.

डीकोडर जोडताना निळी तार सगळ्या दिव्यांची सामाईक, पांढरी पुढच्या हेडलाइटची, पिवळी मागच्याची, हिरवी आणि जांभळी इतर दिव्यांसाठी. माझ्या पहिल्या इंजिनात हिरव्या तारेचं उघडं टोक आतल्या धातूच्या वजनाला टेकलं आणि फ्लॅशरचं आउटपुट कायमचं गेलं. आता सोल्डरच्या प्रत्येक डागावर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, वीज न वाहू देणारी चिकटपट्टी) लावल्याशिवाय बॉडी बसवत नाही.

पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत रूळ लवकर काळवंडतात आणि दिवे थरथरतात. हा त्रास दोन्हीकडे आहे, पण डीकोडरला स्टे-अलाइव्ह कपॅसिटर (रुळांतली वीज क्षणभर तुटली तर साठवलेली वीज पुरवणारा) जोडला की तो जवळजवळ थांबतो.

इंजिनं बरीच असतील, गाडी नुसती गोल फिरवायची असेल, तर साधे एलईडी लावा आणि फ्लॅशर बंदच ठेवा. मुद्दाम लुकलुकता करू नका. एक-दोनच लाडकी इंजिनं असतील तर डीसीसीच घ्या, आणि डीकोडर निदान चार फंक्शनचा बघा: पुढचा हेडलाइट, मागचा हेडलाइट, फ्लॅशर आणि एकटं इंजिन धावताना मागे लागणारे लाल मार्कर.