मामाच्या सीडींवरचे जुने फोटो-फॉरमॅट: आठ महिने कन्व्हर्ट केल्यावर

मामाचं सांगलीत डीटीपीचं दुकान होतं, लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, पावतीपुस्तकं असलं काम. दुकान बंद झालं तेव्हा खोकंभर सीडी माझ्याकडे आल्या आणि गेले आठ महिने मी त्यातल्या फायली आज उघडतील अशा फॉरमॅटमध्ये आणतोय. मुख्यतः आयर्फानव्ह्यू आणि इमेजमॅजिक ही फोटो उघडायची-बदलायची सॉफ्टवेअरं वापरतो, दोन्ही घरच्या वापराला फुकट.

सगळ्यात जास्त फायली पीसीएक्स, म्हणजे डॉसच्या काळातल्या पीसी पेंटब्रश या चित्रं काढायच्या प्रोग्रॅमचा फॉरमॅट. मामा गणपती, कलश, सनई-चौघडा अशी चित्रं स्कॅन करून नुसत्या काळ्या-पांढऱ्यात ठेवायचा. आयर्फानव्ह्यूत बी दाबलं की बॅच कन्व्हर्जन (एकदम खूप फायली बदलायची सोय) उघडतं, फोल्डर टाकायचं, झालं. पण पहिल्या आठवड्यात मी सगळं जेपीजी केलं आणि ते चुकलं, जेपीजीत रेघांच्या कडेला करडी घाण येते, गणपतीच्या सोंडेवरची बारीक नक्षी पार पुसट झाली. सगळं परत पीएनजीत केलं, तिथे रेघ जशीच्या तशी राहते. अजून एक, पीसीएक्सच्या सुरुवातीच्या 128 बाइटमध्ये आडवा आणि उभा डीपीआय (छापताना एका इंचात किती ठिपके) वेगवेगळा लिहायची जागा असते आणि काही जुने प्रोग्रॅम तिथे चक्क स्क्रीनचं रिझोल्युशन लिहायचे, 640 आणि 480. स्क्रीनवर चित्र बरोबर दिसतं पण छापलं की गणपती उभट! बॅचच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शनमध्ये 300 डीपीआय ठरवून दिला की सुटतं.

खरा जीव अडकला होता तो एका कोडॅक फोटो सीडीत. 1992 मध्ये आलेला प्रकार, निगेटिव्ह स्कॅन करून सीडीवर द्यायचे, त्यात मामा-मामीच्या लग्नाचे फोटो. फायली पीसीडी फॉरमॅटच्या. आधी एका ऑनलाइन साइटवर टाकल्या तर फोटो आले 768 बाय 512 चे, मला वाटलं त्या काळी एवढेच असतील. तसं नाहीये. एकाच पीसीडी फाइलमध्ये तोच फोटो पाच साइझमध्ये असतो, सगळ्यात मोठा 3072 बाय 2048, आणि बरेच प्रोग्रॅम मधलाच उचलून देतात. इमेजमॅजिकमध्ये फाइलच्या नावाच्या शेवटी चौकोनी कंसात 5 लिहिलं की मोठा मिळतो. त्यामुळे कुणी पीसीडी कन्व्हर्ट करून देतो म्हणालं तर आधी पिक्सेल मोजा, हे मी अगदी कळकळीने सांगतोय, कारण लहान फोटो ठेवून सीडी टाकून दिली की मोठा कायमचा गेला.

तरी मामीच्या मुंडावळ्या पांढऱ्याफटक, एक मणी वेगळा दिसेना. कारण असं की फोटो सीडीच्या रंगपद्धतीत नेहमीच्या पांढऱ्याच्याही वरचा उजेड साठवलेला असतो आणि साध्या कन्व्हर्जनमध्ये तो छाटला जातो. पीसीडीटूजेपेग नावाचं छोटं फुकट टूल खास याच फायलींसाठी आहे, त्यातून काढल्यावर मणी दिसले, मामाच्या फेट्याच्या चुण्या पण दिसल्या. तोच फोटो 300 डीपीआयने साधारण 10 बाय 6.8 इंच छापून मामीला दिला, ती कितीतरी वेळ हातात धरून बसली होती.

इमेजमॅजिक ताकदीचं आहे पण जपून. त्यातल्या फायली बदलायच्या मॉग्रिफाय कमांडला नवीन फॉरमॅट सांगायला विसरलात तर ती मूळ फाइलवरच लिहिते, माझं एक अख्खं फोल्डर असं गेलं, सीडीवर मूळ होतं म्हणून वाचलो. तेव्हापासून आधी कॉपी, मग काम.

छपाईच्या सीएमवायके (चार शाईंच्या रंगपद्धतीतल्या) टिफ फायली मी तशाच ठेवल्यात, पीएनजीत सीएमवायके बसतच नाही आणि बदलताना रंग हलतो.

आता राहिल्यात कोरलच्या, म्हणजे पत्रिका बनवायच्या डिझाइन सॉफ्टवेअरच्या फायली. इंकस्केप नावाच्या ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये उघडतात, पण त्या काळचे मराठी फॉन्ट नसले की 'श्री गणेशाय नमः' च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. मामाच्या जुन्या हार्डडिस्कवरून फॉन्ट काढतोय, ते बसवून प्रत्येक पत्रिकेची आधी पीडीएफ करायची असं ठरवलंय.