फोल्डिंग वर्क स्टँडची ऑनलाइन फसवणूक, पॉवर टूल वापरत असाल तर पूर्ण वाचा

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे, पण ज्यांच्याकडे सर्क्युलर सॉ (गोल पात्याची विजेवरची करवत), ग्राइंडर, जिगसॉ असलं काहीही आहे आणि जे घराबाहेर मोकळ्या जागेत काम करायला फोल्डिंग वर्क स्टँड शोधतायत त्यांनी शेवटपर्यंत वाचा. पैसे गेले त्याचा राग आहेच, पण त्याहून जास्त राग याचा आहे की हा माल एखाद्याची बोटं घालवू शकतो आणि विकणाऱ्याला ते पक्कं माहीत आहे. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

मला हवा होता तो तीन पायांचा प्रकार. मधे आडवा दांडा, त्यावर सरकणारा जबडा, खाली पेडल. लाकूड नाहीतर पाइप जबड्यात धरायचा, पायाने पेडल दाबायचं की पकड बसली आणि दोन्ही हात मोकळे. काम झालं की पाय मिटायचे आणि गाडीत टाकायचं. ट्रायटनचं सुपरजॉज आणि रॉकवेलचं जॉहॉर्स ही यातली जुनी नावं, आणि ती खरोखर दणकट आहेत, पेडलवर माणसाने भार दिला की लीव्हरमुळे तो कितीतरी पटीने वाढून जबड्यात एक टनाच्या घरात दाब येतो. पाय तीनच का, तर जमीन कितीही उंचसखल असली तरी तिन्ही पाय टेकतातच, चार पायांत एखादा हवेत राहतो आणि मग सगळं डुगडुगतं. मातीत, खडीवर काम करणाऱ्याला यातला फरक लगेच कळतो.

तर मी जे पान बघून ऑर्डर दिली त्यावर अगदी हाच प्रकार दाखवला होता. व्हिडिओत एक माणूस जाडजूड ओंडका जबड्यात आवळून चेनसॉने कापतोय, मग स्वतः त्या ओंडक्यावर उभा राहतोय. खाली भला मोठा लोड कपॅसिटीचा, म्हणजे किती वजन पेलेल त्याचा, आकडा, हेवी ड्युटी स्टील, पावडर कोटिंग, रिव्ह्यू तर ढीगभर आणि जवळजवळ सगळे पाच स्टार. वरवर दिसणारे रिव्ह्यू सगळे स्टँडबद्दलच होते. माल आल्यावर मागची पानं उपसत गेलो तेव्हा खरा प्रकार कळला, तिथले रिव्ह्यू खरे होते पण दुसऱ्याच वस्तूंचे, कोणी कपडे वाळत घालायच्या स्टँडबद्दल लिहिलंय, कोणी मोबाईलच्या होल्डरबद्दल. म्हणजे जुनं, चांगले स्टार असलेलं पान घ्यायचं, त्यातलं नाव, फोटो, वर्णन सगळं बदलून टाकायचं आणि जुने स्टार नव्या मालाला चिकटवायचे. ही पद्धत फक्त या स्टँडपुरती नाही, ऑनलाइन टूल्समध्ये सर्रास चालते. त्यामुळे रिव्ह्यू बघताना सॉर्टिंग बदलून सगळ्यात जुने आधी वाचा आणि खरेदीदारांनी टाकलेले फोटो बघा, पाच मिनिटांत उजेड पडतो.

बॉक्स आला तो हातात घेतानाच शंका आली. या प्रकारचं खरं स्टँड वीस किलोच्या आसपास भरतं, उचलताना कंबरेला जाणवतं. हे मी एका हाताने आत आणलं. कुरियरच्या लेबलवर वजन छापलेलं असतं ते बघितलं तर पानावर लिहिलेल्या वजनाच्या निम्मंसुद्धा नव्हतं. पोर्टेबल म्हणून हलकं केलंय असं सेलर नंतर म्हणाला, पण हलकं करायचं तर ॲल्युमिनियम वापरतात, जाडी कमी करून वजन कमी केलं तर त्याला हलकं नाही, पोकळ म्हणायचं. उघडल्यावर आणखी कळलं. पायाच्या नळीचं टोक प्लॅस्टिकच्या बुचाने झाकलेलं होतं, ते बूच काढलं तर आतली कड इतकी पातळ की नखाने दाबून बघावंसं वाटलं, आणि पक्कडीत धरून हलकं दाबलं तर नळी चेपली सुद्धा. जबड्याच्या तोंडाला रबर किंवा कडक पॉलियुरेथेन हवं, इथे एमडीएफच्या पट्ट्या स्क्रूने ठोकलेल्या. एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू आणि चिकटपदार्थ दाबून केलेला बोर्ड, त्याच्या कापलेल्या कडेला पाणी लागलं की फुगतो आणि फुगलेला परत बसत नाही, आणि हे स्टँड विकतायत आउटडोअर म्हणून!

आणि हे बघा, दांड्यावर लोड कपॅसिटीचा एक स्टिकर होता, त्याची एक कड सुटलेली दिसली म्हणून ओढली, तर खाली दुसरा स्टिकर. त्यावर तोच मॉडेल नंबर आणि वरच्या आकड्याच्या एक चतुर्थांश लोड. म्हणजे ज्याने बनवलं त्याने खरा आकडा छापला होता, आणि विकणाऱ्याने त्यावर दुसरा चिकटवला. त्या क्षणापर्यंत मी म्हणत होतो की माल हलका निघाला, होतं कधी कधी. तो स्टिकर बघितल्यावर विषय मिटला, ही सरळ सरळ लबाडी आहे.

तरी लॉक कसं आहे ते बघू म्हणून एक फळी जबड्यात धरून पेडल दाबलं, खटका बसल्याचा आवाज आला, पकड बसल्यासारखी वाटली. हातकरवत घेऊन दोनचार वेळा मागेपुढे केली आणि आतला खटका दातांवरून टक् करून घसरला, फळी सैल. परत आवळलं, परत घसरला. मग पायाची लॉकपिन काढून बघितली, पिन ठीक होती पण ती ज्या भोकात बसते ते भोक पातळ पत्र्यात असल्यामुळे तेवढ्यातच लांबट व्हायला लागलं होतं, कड दुमडून चकाकत होती. सॉला मी हातच लावला नाही.

आता हे इतकं गंभीर का ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं स्टँड हललं तर काय, कट जरा वाकडा येईल. तसं नाही हो. साधारण 185 मिमी ब्लेडची सर्क्युलर सॉ मिनिटाला 5000 च्या आसपास फेरे घेते, हिशोब केला तर ब्लेडच्या दातांचा वेग ताशी 170 किमीच्या वर जातो. कापताना फळी सरकली किंवा मधे झुकली की कापलेली फट मिटते आणि ब्लेड त्यात चिमटतं, मागच्या बाजूचे दात फळीच्या वरच्या पृष्ठभागात रुततात आणि अख्खी सॉ उचलून कापणाऱ्याच्या अंगावर येते. याला किकबॅक म्हणतात आणि तो इतक्या झटकन होतो की ट्रिगर सोडायला वेळच मिळत नाही. ग्राइंडरचंही तेच, कटिंग डिस्क अडकली की झटका बसतो नाहीतर डिस्क फुटते. म्हणजे माणूस दोन्ही हात टूलवर ठेवून ज्या पकडीच्या भरवशावर काम करतो तीच पकड खोटी. म्हणून मी याला निव्वळ पैशाची फसवणूक मानत नाही.

लोड कपॅसिटीबद्दलही बोलायला हवं, कारण या धंद्यातली सगळी जादू त्या आकड्यात आहे. तो आकडा जिथे लिहितात तिथे तो बहुतेक वेळा स्थिर, सरळ खाली येणाऱ्या, सगळीकडे सारख्या पसरलेल्या वजनाचा असतो. वस्तू ठेवली आणि हात लावला नाही तर स्टँड किती पेलेल, एवढाच त्याचा अर्थ. करवत चालवताना, रंधा मारताना, ड्रिल दाबताना जोर आडवा लागतो, धक्क्याधक्क्याने लागतो, आणि थरथर सतत असते. आडव्या जोराला तोंड देतं ते पायांचं फाकणं, सांध्यांची घट्ट बसणी आणि लॉक, आणि यातल्या एकाचाही आकडा कोणी देत नाही. व्हिडिओत माणूस वर उभा राहतो ना, ते सगळ्यात सोपं काम आहे, सरळ खाली वजन. त्याला म्हणावं बाजूने ढकलून दाखव.

नक्कल आहे म्हणून मी चिडलोय असंही नाही. या सगळ्या फोल्डिंग बेंचांचा बाप म्हणजे वर्कमेट, तो रॉन हिकमन नावाच्या माणसाने काढला, हाच लोटस एलान गाडीचा डिझायनर. लाकूड कापताना त्याने खाली ठेवलेली चांगली खुर्चीच कापून टाकली आणि त्यातून त्याला ही कल्पना सुचली. मोठमोठ्या कंपन्यांनी आधी नाही म्हटलं, 1968 च्या सुमाराला त्याने स्वतःच बनवून विकायला सुरुवात केली, आणि सत्तरच्या दशकात ब्लॅक अँड डेकरने तो घेतल्यावर जगभर गेला. नकला तेव्हाही निघाल्या, त्याला त्यासाठी कोर्टात लढावं लागलं. आज पेटंट संपून जमाना झालाय, कोणीही तसा बेंच बनवू शकतो, आणि साध्या कंपन्यांचे चांगले बेंच मी वापरलेत. कमी ताकदीचा स्टँड कमी ताकदीचा म्हणून विका, रंगकामाला घेणारे घेतील. खोटा स्टिकर लावून करवतीखाली विकू नका, एवढंच माझं म्हणणं.

आता रिटर्नचा खेळ. फोटो, व्हिडिओ, स्टिकरखालचा स्टिकर, सगळं पाठवलं. उत्तर फार गोड आलं, सॉरी म्हणे, आम्ही नवीन पार्ट पाठवतो, वाट बघा. पार्ट काही येत नाही. विचारलं की कस्टमला अडकलाय, मग म्हणे पाठवलाय, ट्रॅकिंग घ्या. त्या ट्रॅकिंग नंबरवर खरंच कुठलंतरी पार्सल डिलिव्हर झाल्याचं दिसतं, फक्त माझ्याकडे नाही, दुसऱ्याच पत्त्यावर. हा नंबर ते पुरावा म्हणून वापरतात, बघा आम्ही दिलं. मग सुरू होते बोली, स्टँड ठेवा आणि थोडे पैसे परत घ्या, नाही म्हटलं की जरा जास्त, परत नाही म्हटलं की अर्धे, आणि प्रत्येक वेळी अट एकच, आधी तक्रार बंद करा मग पैसे पाठवतो. तक्रार बंद केली की ती बऱ्याचदा परत उघडता येत नाही हे त्यांना पाठ आहे. शेवटी म्हणाले पूर्ण रिफंड हवा तर माल परत पाठवा, पत्ता परदेशातला आणि एवढ्या अवजड वस्तूचा कुरियर खर्च माझा, तो वस्तूच्या किमतीच्या वर जातो. या सगळ्यात मुदत सरकत राहते, आणि त्यांना तेवढंच हवं असतं. प्रत्येक मेसेजमध्ये "थोडं थांबा" होतं, एकदाही "नाही देणार" नव्हतं, हे लक्षात घ्या.

मी थांबलो नाही म्हणून निभावलं. त्यांच्याशी बोलणं चालू असतानाच साइटवर आणि ज्या कार्डने पैसे दिले त्या बँकेकडे, दोन्हीकडे वाद नोंदवला. बँकेला खराब माल असं न लिहिता वर्णनाप्रमाणे माल नाही असं लिहिलं, सोबत पानाचे स्क्रीनशॉट, कुरियर लेबलवरचं वजन, वजनकाट्यावर ठेवलेल्या बॉक्सचा फोटो आणि दोन्ही स्टिकर. खराब माल म्हटलं की समोरचा दुरुस्तीवर बोलत बसतो, वर्णनच खोटं म्हटलं की त्याला वर्णनाचा बचाव करावा लागतो आणि तो करताच येत नाही. पैशाचा काही भाग आलाय, उरलेल्याचं अजून चालू आहे. थेट खात्यात ट्रान्सफर केले असते तर एवढंही हाती लागलं नसतं, म्हणून असल्या अनोळखी सेलरला कार्डाशिवाय पैसे देऊच नका. आणि पानाचे स्क्रीनशॉट ऑर्डर देतानाच काढा, कारण माझी तक्रार गेल्यावर त्यांनी पानावरचं वजन गुपचूप बदललं.

माल हातात आला की तो कपाटात ठेवून पुढच्या कामाची वाट बघू नका, त्याच दिवशी तपासा. बॉक्स फोडतानाचा व्हिडिओ एका सलग शॉटमध्ये घ्या, लेबल दिसू द्या. स्टँड उघडून लॉक करा आणि कंबरेच्या उंचीवरून दोन्ही हातांनी चारी बाजूंना ढकला, पाय वाकतात की सांधे खेळतात ते बघा. जबड्यात एक मीटरभर लांब फळी आवळा आणि तिच्या टोकाला धरून खाली दाबा, वर उचला, पिळा, खटका घसरला तर तिथेच संपलं. सांध्यात रिव्हेट आहेत की नट-बोल्ट ते बघा, बोल्ट सैल झाला तर आवळता येतो, रिव्हेट सैल झाली की गेली. वेल्डिंग सांध्याच्या सगळ्या बाजूंनी आहे का नुसते दोन ठिपके मारलेत, हे टॉर्च लावून बघा, रंगाखाली बरंच लपवतात. सगळं टूल बंद ठेवून करायचंय हं.

तेच स्टँड आता दुसऱ्या नावाने आणि दुसऱ्या रंगात परत विकायला आलंय. ओळखायची खूण म्हणजे पेडलच्या वरच्या आडव्या पट्टीला एकाच ओळीत तीन मोकळी भोकं आहेत ज्यात काहीच बसत नाही, आणि फोटोतला पेडल उजवीकडे तर व्हिडिओतला मधोमध. ज्यांच्याकडे हे ऑलरेडी आलंय आणि परत जात नाहीये त्यांनी ते दाराला रंग मारायला, कुंड्या ठेवायला, सँडपेपर हाताने घासायला खुशाल वापरा, पण त्यावरचा वरचा स्टिकर खरवडून काढा आणि "पॉवर टूल लावू नये" असं मार्करने ठळक लिहून ठेवा, म्हणजे घरातल्या दुसऱ्या कोणी किंवा शेजाऱ्याने उसनं नेलं तरी त्याला कळेल.