पुंटोमध्ये बसवलेलं बूस्ट मीटर: अकरा महिन्यांनंतर

गेल्या महिन्यात कराडला जाताना खंबाटकीच्या चढावर बूस्ट मीटरचा, म्हणजे टर्बो इंजिनात किती दाबाने हवा ढकलतोय ते दाखवणाऱ्या मीटरचा, काटा ०.४ बारच्या वर जाईना. एरवी त्याच वळणांवर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की तो १.२ बारला टेकतो. इंजिनचा दिवा लागला नव्हता, आवाजही नेहमीचाच होता. गाडी थोडी सुस्त वाटत होती, पण मागे आई आणि तिचं सामान असल्यामुळे मी ते वजनावर ढकललं असतं. घाट उतरल्यावर पहिल्या पेट्रोल पंपावर बॉनेट उघडलं. टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडून येणाऱ्या जाड रबरी नळीचा क्लॅम्प मागे सरकला होता आणि नळीच्या तोंडाभोवती काळपट तेलाचा ओला पट्टा उमटला होता. पंधरा दिवसांपूर्वी सर्व्हिसिंगमध्ये ती नळी काढलेली होती. गॅरेजवाल्यांनी फोनवर 'ताई, आम्ही घट्टच केला होता' एवढंच म्हटलं. मी पंपावरून स्क्रूड्रायव्हर मागून घेतला, क्लॅम्प जागेवर आणून आवळला आणि पुढच्या मोकळ्या रस्त्यावर काटा पुन्हा १.२ ला गेला.

म्हणून हा अनुभव लिहायला बसले. दिवाळीत हे मीटर बसवलं तेव्हा घरात सगळ्यांचं मत होतं की हा निव्वळ हौसेचा खर्च आहे, आणि मार्चपर्यंत माझंही तेच मत झालं होतं.

गाडी २०१२ ची फियाट पुंटो ९० एचपी, माझ्याकडे सहा वर्षं आहे. तिच्या १.३ मल्टिजेट डिझेल इंजिनबद्दल नव्याने सांगायला नको. हेच इंजिन स्विफ्टमध्ये होतं, इंडिका व्हिस्टात होतं, एप्रिल २०२० ला बीएस-६ हा प्रदूषणाचा नवा नियम आला आणि त्याचा जमाना संपला. आमच्या ९० एचपीत व्हीजीटी (आतली पाती हलवून दाब बदलणारा) टर्बो आहे, २०९ न्यूटन-मीटर टॉर्क २००० आरपीएमला, आणि त्याच्या खाली जो सुस्तपणा आहे तो मालकांना पाठ आहे. कंपनीच्या कन्सोलमध्ये पाण्याच्या तापमानाचा काटा आहे, डिझेलचा आहे, पण टर्बो काय करतोय ते सांगणारं काहीच नाही. जुनी डिझेल गाडी चालवणाऱ्याला नेमकी तीच माहिती हवी असते.

आता मूळ विषयाकडे येते, कारण माझे अकरापैकी आठ महिने यातच गेले. तो विषय म्हणजे मीटरचा उजेड.

पुंटोच्या कन्सोलचा रात्रीचा रंग ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे. पिवळाही नाही आणि लालही नाही, राख झटकल्यावर निखारा दिसतो तसा नारिंगी. स्टिरिओ, एसीचे नॉब, खिडक्यांची बटणं, सगळीकडे तोच. या गाडीच्या आत रात्री बसल्यावर जे बरं वाटतं ते त्या एका रंगामुळे. आणि मला त्याच्या शेजारी दुसऱ्या रंगाचं काहीही नको होतं.

अमेरिकेत ही सोय तयार मिळते. ऑटोमीटर ही १९५७ पासूनची कंपनी 'फॅक्टरी मॅच' नावाची मालिकाच काढते, मस्टँग किंवा तिकडच्या पिकअपच्या मूळ डायलशी जुळणारी. जपानच्या डेफीकडे 'अँबर रेड' उजेडाचं मीटर आहे, पण एका मीटरला तेवढे पैसे घालणं बारा वर्षं जुन्या गाडीसाठी मला पटेना. फियाटसाठी खास असं मला काही सापडलं नाही. म्हणून मी ३,४०० रुपयांचं ५२ मिलिमीटरचं इलेक्ट्रॉनिक मीटर ऑनलाइन मागवलं. त्यात 'सात रंग' होते आणि यादीत ऑरेंज होता.

तो ऑरेंज खोटा निघाला. आत लाल आणि हिरवा एलईडी एकत्र पेटवून तो रंग केला जातो. समोरून पाहिलं तर नारिंगी, पण डायलच्या कडेला जिथे दोन्ही उजेड नीट मिसळत नाहीत तिथे एका बाजूला हिरवट झाक आणि दुसऱ्या बाजूला गुलाबी. दिवसा दुकानात कुणाच्या लक्षात येणार नाही. रात्री साडेदहाला साताऱ्याच्या पुढे, जिथे रस्त्यावर दिवे नाहीत, तिथे ती हिरवी कड डोळ्यात खुपते. कन्सोलकडे पाहायचं म्हटलं तरी नजर आधी त्या मीटरवर जाते. चालवताना हा नुसता सौंदर्याचा प्रश्न राहत नाही.

पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाच्या तापकीर गल्लीत जाऊन मी वेगवेगळे एलईडी आणले. अँबर म्हणून जो मिळतो तो साधारण ५९० नॅनोमीटरचा असतो आणि पुंटोच्या शेजारी तो पिवळा दिसतो. लाल ६२० च्या पुढचा, तो सरळ लाल. मधला ६०५ च्या आसपासचा ऑरेंज मिळाला, बराच जवळ गेला, तरी पाव टक्का पिवळाच. शेवटी मार्ग सापडला तो भलत्याच ठिकाणी. माझा मामेभाऊ हौशी नाटकांची प्रकाशयोजना करतो. त्याच्या ट्रंकेत जिलेटिन पेपरचे, म्हणजे स्टेजच्या दिव्यांवर लावायच्या रंगीत पारदर्शक कागदाचे, तुकडे पडलेले असतात. त्याने चार-पाच छटा दिल्या, आम्ही दोघं रात्री पार्किंगमध्ये गाडीत बसलो, कन्सोल चालू ठेवला आणि पांढऱ्या एलईडीसमोर एकेक तुकडा धरून पाहिला. गडद नारिंगीचा एक थर आणि त्यावर फिकट गुलाबीसर अँबरचा एक थर, हे जुळलं. इतकं जुळलं की मोबाइलच्या फोटोत वेगळं ओळखता येत नाही. मीटर उघडून डायलच्या मागे ते दोन गोल कापून ठेवले. एलईडी गरम होत नाही, त्यामुळे पेपर अजून तसाच आहे.

रंग जुळला आणि मग तीव्रतेचा त्रास सुरू झाला. पुंटोत दिवे लावले की डॅशबोर्डवरच्या अधिक-उणे बटणांनी कन्सोलचा उजेड कमी-जास्त होतो. मी घाटात तो बराच खाली ठेवते. मीटर मात्र एकाच जोराने पेटत राहायचं, दोनशे रुपयांच्या टॉर्चसारखं. त्याच्या डिमरच्या वायरला एसीच्या नॉबमागच्या दिव्याची वायर जोडली तर मीटर लुकलुकायला लागलं आणि काटा थरथरायला लागला. इलेक्ट्रिशियन काकांनी मल्टिमीटर लावला, १२ च्या जागी ५ व्होल्ट दिसले. म्हणजे गाडी व्होल्टेज कमी करत नव्हती, ती दिवा सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करून मंद करत होती, आणि मीटरचं सर्किट त्या तुटक विजेने गोंधळत होतं.

उपाय काकांनी सुचवला आणि तो इतका सरळ होता की मी तो कागदावर लिहून घेतला. मीटरच्या सर्किटला फ्यूजबॉक्समधून इग्निशनची स्थिर १२ व्होल्ट द्यायची. आतले एलईडी मात्र सर्किटपासून तोडून, रेझिस्टर लावून, थेट त्या नॉबच्या वायरवर घ्यायचे. मग गाडी जशी नॉबचा दिवा मंद करते तसाच मीटरचाही होतो. उणे बटण दाबलं की आता दोन्ही एकत्र उतरतात. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी गेटबाहेर उभी राहून चार वेळा बटण खालीवर केलं.

इथे एक मत बदललं ते सांगते. सुरुवातीला मी सगळ्यांना सांगत होते की ए-पिलरवर (पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबावर) मीटरचा पॉड लावू नका, वाईट दिसतो, डॅशबोर्डवर स्टिअरिंगच्या उजवीकडे छोटा कप करून घ्या. मी तसाच करून घेतला, थ्रीडी प्रिंटवर, ४५० रुपयांत. एप्रिलमध्ये ऑफिसच्या उघड्या पार्किंगमध्ये दोन दिवस गाडी उभी राहिली आणि कप पुढे झुकला, पेंग आल्यासारखा. प्रिंटवाल्याने पीएलए नावाचं प्लास्टिक वापरलं होतं. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि आपल्याकडे उन्हातल्या डॅशबोर्डचं तापमान त्याच्यावर सहज जातं. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. दुसरा कप एबीएस या जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकमध्ये केला, ९०० रुपये, तो सगळा उन्हाळा सरळ उभा राहिला. त्यावर पॉलिश पेपर मारून काळा टेक्श्चर स्प्रे दिला आहे. डॅशबोर्डच्या दाण्याशी तो अगदी तंतोतंत नाही, पण हात लावून पाहिल्याशिवाय कळत नाही.

पण जागेबद्दलचं माझं मत आता तितकं ठाम नाही. कंपनीचे मीटर खोल कप्प्यात, वर छज्जा असलेले असतात, त्याचं कारण मला रात्री कळलं. माझ्या मीटरचं प्रतिबिंब उजव्या खिडकीच्या काचेत पडायचं, आणि चालकाच्या जागेवरून ते बरोब्बर बाहेरच्या आरशावर यायचं. मागून येणाऱ्या ट्रकचा दिवा आणि माझ्या मीटरचा नारिंगी गोल एकात एक. हे मी दोन आठवडे सहन केलं, ते करायला नको होतं. नंतर कपाच्या कडेला दीड सेंटिमीटरचा छज्जा चिकटवला, मीटर दोन-तीन अंश डावीकडे वळवलं आणि प्रतिबिंब गेलं. आज पुन्हा बसवलं तर मी आधी रात्री काळोखात बसून, हातात मीटर धरून, काचेत काय दिसतं ते पाहीन आणि मगच चिकटवीन.

डायलबद्दलही एक गोष्ट, जी घेण्याआधी मला कोणी सांगितली नाही. माझ्या मीटरवर उणे १ पासून अधिक २ बारपर्यंत आकडे आहेत. उणे बाजू पेट्रोल गाड्यांसाठी असते, जिथे थ्रॉटल (हवेची झडप) मिटल्यावर मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत, निर्वात तयार होतो. आपल्या डिझेलमध्ये तसं होत नाही, काटा शून्याच्या खाली जातच नाही. म्हणजे डायलचा एक तृतीयांश भाग कायमचा वाया आणि उरलेल्या दोन तृतीयांशात सगळी हालचाल कोंबलेली. डिझेलसाठी ० ते २ बारचं मीटर घ्या, दोनशे रुपये जास्त पडले तरी.

बसवणाऱ्यांसाठी महत्त्वाची सूचना. बूस्टची नळी घेताना इंटरकूलरनंतरच्या पाइपवरून घ्या. डिझेलमध्ये ब्रेकसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो आणि व्हीजीटीचं नियंत्रणही निर्वातावर चालतं, तिकडच्या बारीक नळ्या दिसायला अगदी सारख्याच असतात. त्यांत टी-जॉइंट घुसवू नका. तिथे बूस्ट मिळणार नाही आणि गळती झाली तर ब्रेक पेडल दगडासारखं घट्ट होईल. काका हे पहिल्यांदाच करत होते, तरी त्यांनी प्रत्येक नळी कुठे जाते ते हाताने चाचपून पाहिलं, त्याबद्दल त्यांचे आभार. सेन्सर बॉनेटखालीच ठेवला आहे, आत फक्त वायर येते, इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या (फायरवॉलच्या) मूळ रबरी ग्रोमेटमधून.

गाडीच्या ओबीडी (तपासणीच्या) सॉकेटला ब्लूटूथचा डोंगल लावून मोबाइलवर हेच आकडे दिसतात, मग एवढा खटाटोप कशाला, असं मला दोघांनी विचारलं. मी डोंगल वापरून पाहिला आहे. आकडे येतात, पण अडखळत येतात, आणि मोबाइलचा पांढरा-निळा पडदा रात्री त्या नारिंगी केबिनमध्ये सहन होत नाही. शिवाय आकडा वाचावा लागतो. काटा वाचावा लागत नाही, तो कुठल्या कोपऱ्यात आहे ते नजरेच्या कडेनेच कळतं. खंबाटकीत मला ०.४ हा आकडा आधी दिसला नव्हता, काटा त्याच्या रोजच्या जागी नाही एवढंच दिसलं होतं.

खर्चाचा हिशेब: मीटर ३,४००, दोन कप मिळून १,३५०, काकांचे दोन वेळचे १,२००, एलईडी आणि रेझिस्टर ४०, स्प्रे २६०. जिलेटिन पेपर फुकट. एकूण ६,२५०. मार्चमध्ये मी हे पैसे वाया गेले असं म्हणत होते. आता तसं म्हणत नाही, पण पहिला कप आणि वायरिंग दुसऱ्यांदा उघडण्याचे ५०० हे नक्कीच वाचले असते.

पावसाळ्यात काचेच्या आत एकदा बाष्प धरलं होतं, दोन दिवसांत गेलं. मीटर सुरू होताना होणारा 'बीप' आवाज मी ते उघडून पहिल्याच दिवशी काढून टाकला. काटा अजून अचूक आहे, काकांच्या हातातल्या यांत्रिक गेजशी लावून पाहिला, १ बारला दोघांत डोळ्याला दिसेल असा फरक नाही.

उरलेलं एकच काम आहे. मीटरच्या डायलवरच्या आकड्यांचा टाइप कन्सोलच्या आकड्यांपेक्षा जाड आहे आणि तो मला रोज दिसतो. मामेभावाने पारदर्शक फिल्मवर नवा डायल छापून देतो म्हटलंय, ० ते २ बारचा, फियाटच्या बारीक आकड्यांत. माप घेऊन दिलं आहे. आला की बसवते.